एमिल युरकानिनचं कार्ड

एमिल युरकानिनला दुखणं सांगता येत नसे. आमच्या खाणगावात ते कुणालाच जमत नाही म्हणा. इथे मोडलेल्या हाताला 'जरा आखडलाय' म्हणतात, आणि कुणी 'बरं वाटत नाही' असं तोंडाने बोललाच, तर शेजारणी त्याच्या घरी मयताला नेतात तशी हॅमची ताटं पोचवायला लागतात. पण एमिल त्यांच्याही पुढचा. पालिकेचा बर्फ काढायचा ट्रक त्याने उभी हयात चालवला. एका जानेवारीत तो ट्रक घसरून ओढ्यात गेला, कण्याचं ऑपरेशन झालं, आणि कमरेपासून डाव्या अंगठ्यापर्यंत आत एक तार जळत राहिली ती राहिलीच. बायकोला त्याने ते सांगितलं असं: "बर्नी, पाय जरा बोलतोय."

बर्नीला सांगायची गरजही नव्हती. जिन्यावर त्याचं पाऊल कसं पडतंय यावरून ती ओळखायची, आणि न बोलता गरम पाण्याची पिशवी आणून ठेवायची. मग एका वसंतात बर्नीच गेली. पाय बोलत राहिला, ऐकणारं कुणी उरलं नाही.

घर आमच्याकडची असतात तसं जोडघर, मधली भिंत सामायिक. पलीकडच्या बाजूला राहणारी म्हातारी लेकीकडे निघून गेली आणि तो अर्धा भाग तेव्हापासून बंद. पूर्वी भिंतीतून तिचा रेडिओ यायचा, तव्यावर कांदा टाकल्याचा आवाज यायचा. आता एमिलने चमचा खाली पाडला तर त्याचा आवाज त्याचा त्यालाच ऐकू येई. तो झोपायचा खाली, टीव्हीसमोरच्या बर्नीच्या आरामखुर्चीत. रविवारी कॅरोलिनाहून मुलीचा, मार्सीचा फोन यायचा. कसे आहात, डॅडी? चाललंय. जेवलात का? हो. मग दोघंही हवामानाबद्दल बोलायची.

वर्षातला एक आठवडा मात्र एमिलचा होता.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतर हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो आणि आमच्या गावातले पुरुष वर उत्तरेच्या डोंगरात आपापल्या कॅम्पवर जातात. एमिलचा कॅम्प त्याच्या बापाने आणि खाणीतल्या सोबत्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेला, डांबरी कागदाच्या भिंतींचा. बापाच्या काळात तिथे झोपायला जागा पुरत नसे. आता उरले चौघे: एमिल, त्याचा शाळेपासूनचा दोस्त क्लीट वार्गो, फ्रान्सिस डोंब्रोस्की आणि सगळ्यांत लहान, म्हणजे साठीचा, लिओ. त्या आठवड्यात एमिल बोलायचा. गोष्टी सांगायचा, क्लीटच्या नकला करायचा. बर्नी म्हणायची, कॅम्पवरून जो माणूस परत येतो तो दोन दिवस तरी वेगळाच असतो, मग हळूहळू पुन्हा माझा नवरा होतो.

कॅम्पवर एक ॲप्रन आहे. दारामागच्या खिळ्यावर असतो. ज्याला डोंगर चढून मचाणापर्यंत जाणं झेपत नाही त्याने तो बांधायचा आणि मागे राहून बाकीच्यांसाठी रांधायचं. कुणी तसं फर्मान काढत नाही, एखाद्या वर्षी तो आपोआप कुणाच्या तरी गळ्यात येतो. एमिलच्या बापाने तो ज्या नोव्हेंबरात बांधला, त्याच्या पुढच्या नोव्हेंबरात बाप नव्हता. लिओच्या काकाचंही तेच झालं. त्यामुळे ॲप्रनबद्दल विनोद करतात, पण त्याला हात कुणी लावत नाही.

गेल्या वर्षी एमिल अर्ध्या चढावरून परत फिरला. उरलेला आठवडा बिछान्यावर पडून काढला. तेव्हा फळ्यांच्या भिंतीपलीकडून क्लीट फ्रान्सिसला म्हणताना त्याने ऐकलं, की पुढच्या वर्षी एमला ॲप्रन देऊ, नाहीतरी हात चांगला आहे त्याचा. क्लीट हे मायेने म्हणाला होता. एमिल वरच्या बिछान्याच्या फळीकडे बघत पडून राहिला आणि त्याने ठरवलं, की पुढच्या नोव्हेंबरात आपण चढायचं.

सर्जनने दिलेल्या गोळ्या तो घेत नव्हता. फ्रान्सिसच्या थोरल्या मुलाची सुरुवात अशाच गोळ्यांनी झाली होती, आणि शेवट आम्ही सगळ्यांनी त्याच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात सँडविच खात पाहिला होता. मग एका रविवारी मार्सीने हवामानाच्या मधेच कार्डाचा विषय काढला. आपल्या राज्यात आता औषधी गांजा मिळतो. डॉक्टरने रुग्ण म्हणून दाखला द्यायचा, सरकार कार्ड पाठवतं, ते घेऊन दुकानात जायचं. एमिलने सांगितलं, तुझ्या आईने मला घरात साधी सिगरेट ओढू दिली नाही. मार्सी म्हणाली, ओढायचं नाहीच मुळी, जिभेखाली थेंब टाकायचे.  एमिलने विचारलं, ते घेऊन चढता येतं का?

नाव नोंदवायचं काम मार्सीने तिकडूनच कॉम्प्युटरवर केलं. डॉक्टरकडे मात्र त्याला स्वतः जावं लागलं.

सगळ्याच डॉक्टरांना हा दाखला देता येत नाही, त्यासाठी राज्याकडे वेगळी नोंदणी लागते. आमच्या भागात ती होती डॉक्टर फेनस्टरमाकरबाईंकडे, एका मॅट्रेसच्या दुकानाशेजारी भाड्याने घेतलेल्या खोलीत. एमिल चर्चला घालायचा कोट घालून गेला. बाहेर बसलेल्यांत आपल्या गावचं कुणी नाही ना हे त्याने आधी खिडकीतून पाहून घेतलं, मग आत शिरला. बाईंनी ऑपरेशनचे कागद वाचले, पाय हलवून पाहिला, आणि विचारलं की एक ते दहात सांगायचं तर दुखणं किती?

एमिलने मनापासून विचार केला. "चार," तो म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "चारवर मला सही करता येत नाही, मिस्टर युरकानिन. कायद्यात तीव्र म्हटलंय."

"मग तुम्हाला किती हवंय?"

"मला काहीच नकोय. तुम्हाला किती आहे ते सांगा."

"पाच म्हणा मग."

बाई याच भागातल्या असाव्यात, कारण त्या हसल्या नाहीत. त्यांनी आकड्याचा नाद सोडला आणि भलतंच विचारायला लागल्या. झोपता कुठे? खुर्चीत. का? सवय. पलंगावर शेवटचे कधी झोपलात? एमिलने कोटाच्या बटणाकडे पाहिलं आणि म्हणाला, बायको गेली त्याच्या आधी. बाईंनी पुढे विचारलं:

"ते तिच्यामुळे की पायामुळे?"

"हे मला अजून कुणी विचारलं नाही," एमिल म्हणाला. मग बटणाकडे बघतच, "आडवा झालो की पायात आग लागते. पहाटेपर्यंत. पण ती असताना निदान कुणीतरी म्हणायचं, की मेल्या, सरक."

बाईंनी सही केली. जाताना त्यांनी सूचनांची जाडजूड चवड हातात दिली आणि काही शंका आहे का विचारलं. एमिलची एकच शंका होती: डोंगर चढता येईल? त्या म्हणाल्या, कदाचित. हळूहळू. कशाला चढायचाय? तो म्हणाला, वर्षातून एकदा मित्रांकडे जायचं असतं. बाईंना ते फार चांगलं वाटलं. त्यांनी ते कागदावर लिहूनही घेतलं. सूचनांची चवड एमिलने न वाचता ट्रकच्या सीटखाली सरकवली.

कार्ड आलं. फोटोत तो पकडून आणलेल्या माणसासारखा दिसत होता. औषधाचं दुकान पूर्वीच्या एका बँकेत होतं, दारावर पहारेकरी, आत सगळं पांढरंशुभ्र आणि इतकं शांत, की एमिलने टोपी काढून हातात घेतली. तिथल्या औषधवाल्या मुलीने त्याला एक छोटी बाटली दिली, थेंब कसे टाकायचे ते दाखवलं आणि पहिल्यांदा घ्याल तेव्हा घरात कुणी सोबत असू द्या असं बजावलं. एमिल बरं म्हणाला. मग घरी येऊन त्याने टीव्ही लावला, आवाज थोडा मोठा केला, आणि थेंब घेतले.

पहिल्या आठवड्यात काही नाही. दुसऱ्यात एकदा बातम्यांवर विनाकारण हसू आलं. तिसऱ्या आठवड्यात तो एका सकाळी जागा झाला तेव्हा खिडकीत ऊन होतं आणि तो पलंगावर होता. आपल्या नेहमीच्या बाजूला, डावीकडे, भिंतीलगत. तार जळत होती, पण लांब, शेजारच्या घरात कुणी रेडिओ लावावा तशी. त्याने हात पसरला. पलंग फार मोठा होता.

मग तो चालायला लागला. गावामागे कोळशाच्या टाकाऊ मातीचा काळा ढिगारा आहे, डोंगराएवढा. रोज सकाळी एमिल त्यावर चढायचा. ऑक्टोबरात तर वर पोचून गावाकडे पाठ करून बसायचा आणि उत्तरेकडे बघायचा. खाली उतरला की काळ्या धुळीने माखलेले बूट दाराबाहेर काढायचा, कारण बर्नीचा तसा नियम होता.

चढायची खात्री झाली तेव्हा तो क्लीटकडे गेला. क्लीटचं बंदुकांचं दुकान त्याच्या घराच्या गॅरेजमध्येच आहे. एका बाजूला काचेचं टेबल, दुसऱ्या बाजूला गळाला लावायच्या किड्यांचा फ्रीज. एमिलच्या मनात होतं, की बापाची रायफल फार जड, ती घरात भिंतीवर ठेवावी आणि चढायला एक हलकी नवी घ्यावी. क्लीटला इतका आनंद झाला की त्याने कॉफी ओतली. म्हणाला, लेका, गेल्या वर्षी मी तुझ्या शवपेटीचं माप काढून ठेवलं होतं, आणि तू तर नवऱ्या मुलासारखा आलायस. एमिलने नकला केल्या. दोघं खूप हसले. मग नवीन बंदूक घेताना भरावा लागतो तो सरकारी कागद क्लीटने पुढे सरकवला आणि किड्यांच्या फ्रीजकडे वळला.

एमिल वाचत वाचत खूण करत गेला आणि एका प्रश्नावर थांबला. तिथे विचारलं होतं, की तुम्ही गांजा घेता का. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की राज्याने औषध म्हणून परवानगी दिली असली तरी केंद्राच्या कायद्याला ती मान्य नाही.

एमिलने खिशातून कार्ड काढलं आणि काचेवर ठेवलं.

क्लीट वळला. मांजराने आणून टाकलेल्या उंदराकडे बघावं तसा त्या कार्डाकडे बघायला लागला. "हे काय?"

"पायाचं औषध. सरकारनेच दिलंय."

"कुठल्या सरकारने?"

"आपल्या राज्याच्या. हॅरिसबर्गच्या."

"आणि हा कागद वॉशिंग्टनचा आहे." क्लीटने चष्मा काढला. "हे तू मला दाखवायला नको होतंस, एम."

"मग काय, खोटं लिहू?"

"मला न कळता लिहायचं होतंस. आता मला कळलंय. कळलेलं परत कसं करू? लायसन्स माझ्या नावावर आहे, गड्या. उद्या कुणी विचारलं तर दुकान जाईल."

फ्रीज घरघरत होता. एमिलने कार्ड उचललं. दारापर्यंत जाऊन त्याने विचारलं, "बाबांची रायफल तर माझीच आहे ना? ती काही मी विकत घेत नाहीये."

क्लीट खिडकीबाहेर बघत होता. "तीसुद्धा नाही, एम. गांजा घेणाऱ्याने बंदूक बाळगायचीच नाही, घरातसुद्धा नाही."

कॉफी तशीच राहिली.

त्या रविवारी हवामानाचा विषय निघालाच नाही. मार्सी म्हणाली, डॅडी, कोण तपासायला येतंय? त्या डोंगरात अस्वलं तरी कागद बघतात का? गावातल्या आम्ही सगळ्यांनीही हेच म्हटलं असतं, एमिलने विचारलं असतं तर. पण त्याला कळत होतं, की आता प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. तो बंदूक घेऊन कॅम्पवर गेला, तर माहीत असून गप्प बसणारा क्लीट होणार. आणि बंदुकीविना गेला, तर दारामागच्या खिळ्यावर ॲप्रन आहेच.

तिसरा रस्ता म्हणून त्याने थेंब बंद करून पाहिले. औषध नाही, कार्ड नाही, रायफल आपली. आठवडा उलटायच्या आत तार पुन्हा त्याच्याच घरात आली. तरी तो त्या काळ्या ढिगाऱ्यावर गेला. अर्ध्यावर पायाने दगा दिला. तिथून तो बसून, घसरत घसरत खाली आला, लहान पोरासारखा, आणि घरी येऊन आरामखुर्चीत बसला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठला नाही. बूटही काढले नाहीत. नियम विचारणारं कुणी नव्हतं.

मग त्याने क्लीटला फोन केला.

क्लीट आला पण आत आला नाही. शाळेपासून हा माणूस दार न वाजवता स्वयंपाकघरात येऊन पातेल्याचं झाकण उचलणारा. त्या दिवशी दाराबाहेरच्या ओट्यावर उभा राहिला, टोपी घालून. एमिलने रायफल बर्नीच्या फ्लॅनेलच्या चादरीत गुंडाळून आणली. क्लीटने सांगितलं, की मार्सीच्या नावाने तिजोरीत ठेवतो, तेल वगैरे मी बघेन. बोलायचं संपलं, तरी तो निघेना. रायफल दोन्ही हातांवर आडवी घेऊन उभा, झोपलेलं बाळ सांभाळायला दिल्यासारखा.

"मी येतोय," एमिल म्हणाला.

"कुठे?"

"कॅम्पवर."

"ये की. अरे ये! ॲप्रन तर…"

"ॲप्रन बांधायला नाही येत."

क्लीटला काही समजेना. "मग करशील काय?"

"बसेन."

त्या वर्षी सरकारने मोसमाचा पहिला दिवस सोमवारवरून शनिवारवर आणला होता, आणि ते एका परीने बरंच झालं, कारण वर जाताना ट्रकमध्ये सगळे त्यावरच चिडत होते. आपले बाप सोमवारीच जायचे, सोमवारी शाळासुद्धा बंद असते, हे कोण दीडशहाणे. एमिलही चिडला. चिडायला त्याला फार बरं वाटलं.

कॅम्पवर पोचल्यावर तिघांनी आपापल्या बंदुका भिंतीच्या खुंट्यांवर टांगल्या. एमिलची खुंटी रिकामी राहिली. लिओने सवयीने तिच्यावर कोट अडकवला, मग काय लक्षात आलं कुणास ठाऊक, काढून दुसरीकडे ठेवला. ते जास्तच दिसलं. ॲप्रन कुणी बांधला नाही, म्हणून लिओनेच हरणाच्या मटणाची चिली, म्हणजे राजम्याचा तिखट रस्सा, केली आणि ती तळाला लागली. सगळ्यांनी शिव्या देत दोनदा वाढून घेतली.

लिओ म्हणाला, "एम, तुझ्या त्या बाटलीतले दोन थेंब फ्रान्सिसच्या ताटात टाक की. रात्रीचं घोरणं तरी थांबेल."

क्लीट हसला, एमिल हसला. फ्रान्सिस हसला नाही. त्याने पाव खाली ठेवून एमिलला विचारलं, अगदी हळू, "सवय लागते का रे त्याची?"

"नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"डॉक्टर."

"हं," फ्रान्सिस म्हणाला. "गोळ्यांनाही डॉक्टरच नाही म्हणाला होता." आणि पुन्हा पाव उचलला. त्यानंतर एमिल आपली बाटली घेऊन बाहेर ओसरीवर जायचा, थंडीत, दार ओढून घेऊन.

जेवणानंतर क्लीटने पत्ते काढले. कोणी कुठल्या मचाणावर बसायचं ते पत्त्यांवर ठरतं. एमिल बशा आवरायला उठत होता तेवढ्यात क्लीटने त्याच्यासमोरही एक पान टाकलं.  पान होतं चौकटची तिर्री, सगळ्यांत लहान, त्यामुळे उरलेलं ठिकाण त्याला मिळालं: म्हाताऱ्या वास्कोचा ओक. वास्को जाऊन जमाना झाला, पण ते झाड अजून त्याचंच.

पहाटे चौघं नारिंगी जाकिटं घालून निघाले. फाट्यावर एकेक जण वेगळा झाला आणि एमिल चढायला लागला. पाय चालला. गेल्या वर्षी जिथून परत फिरला होता ती वळणाची जागा कधी मागे पडली हे त्याला कळलंही नाही. अवघड झालं ते हातांचं. उभ्या जन्मात या वाटेवर त्याचे हात कधी मोकळे नव्हते. ते खिशात घातले तर तोल जाई, बाहेर ठेवले तर गार पडत. शेवटी त्याने थर्मास छातीशी धरला आणि तसाच ओकपर्यंत गेला.

उजाडलं. दरीपलीकडून एक बार ऐकू आला, आखूड आणि कोरडा: लिओ. त्याच्या मागोमाग दुसरा: पुन्हा लिओ, म्हणजे पहिला चुकला. बऱ्याच वेळाने एक जड, लांबलेला आवाज, तो क्लीटचा. एमिल मनातल्या मनात त्यांच्याबरोबर फिरत होता. आता क्लीट खाली उतरत असेल, आता गुडघ्यावर बसला असेल. मग बार थांबले, आणि जंगल इतकं गप्प झालं, की झाडावरून बर्फाचा गोळा पडला तरी तो दचकला.

नर आला तो खालून, वारा पाठीवर घेऊन, अगदी सावकाश. शिंगांना आठ टोकं. मान जाड, उजव्या कानाला जुनी खोक. असा नर एमिलच्या बापालाही कधी मिळाला नव्हता. मागल्या डाव्या पायावर तो भार देत नव्हता. थोडं चालायचा, थांबायचा, तो पाय उचलून धरायचा. ओकच्या इतका जवळ आला, की त्याच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ दिसत होती. मग त्याने मान वर केली आणि एमिलकडे पाहिलं.

एमिलचा उजवा खांदा आपोआप पुढे आला. खांद्याला टेकायला काही नव्हतं. हात थर्मासवर तसेच राहिले.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. नराने पाय खाली ठेवला, पुन्हा उचलला. आणि मग, इथे घाबरण्यासारखं काही नाही असं ठरवल्यासारखा, ओकच्या मागच्या गर्द झाडीत शिरला आणि खाली बसला. शिंगांची टोकं तेवढी वर दिसत होती, वाळक्या फांद्यांसारखी. दुपार कलली तरी तो तिथेच होता.

उतरताना एमिलला हे कुणाला तरी सांगावंसं फार वाटलं. पूर्वी अशा दिवशी तो कॅम्पखालच्या रस्त्यावरच्या दुकानातून बर्नीला फोन करायचा. ती म्हणायची, केवढा? तो सांगायचा. ती म्हणायची, खोटं.

संध्याकाळी क्लीटचा नर ओसरीच्या तुळईला टांगलेला होता, साधारणसा, सहा टोकांचा. चौघं जेवायला बसले. पहिल्या दिवसाचं जेवण म्हणजे क्लीटचा दरबार. तो एकेकाला नाव घेऊन विचारतो, आज काय पाहिलंस, आणि ज्याला विचारलं त्याने उत्तर द्यायचं. बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही. फ्रान्सिसने दोन शेपट्या पाहिल्या होत्या, पळणाऱ्या. लिओने आपल्या चुकलेल्या दोन बारांची एवढी लांब गोष्ट सांगितली, की त्यात एक ओढा, एक खार आणि सूर्याची तिरीप सगळे गुन्हेगार निघाले. हसून हसून फ्रान्सिसला ठसका लागला.

लिओनंतर एमिल बसला होता. क्लीटची नजर लिओवरून निघाली, एमिलच्या बशीवरून अलगद पुढे गेली आणि पावाच्या टोपलीवर थांबली. त्याने टोपली ओढली आणि स्वतःच्या नराबद्दल बोलायला सुरुवात केली. त्याने ते एमिलची लाज राखायला केलं होतं. ते सगळ्यांना कळलं, आणि म्हणून सगळे आपापल्या बशीत बघायला लागले.

"मला विचारलं नाहीस," एमिल म्हणाला.

क्लीट थांबला. "काय विचारू, एम?"

"यांना विचारलंस तेच."

शेगडीत लाकूड फुटलं. क्लीटने पाव खाली ठेवला, हात पुसले, आणि नीट त्याच्याकडे वळून बसला. "एमिल. आज काय पाहिलंस?"

एमिलने तोंड उघडलं. तिघांचे चेहरे त्याच्याकडे वळले होते. ते पुढचं वाक्य ऐकायच्या आधीच हळहळायला तयार होते. लिओच्या भुवया तर आधीच गोळा झाल्या होत्या. आठ टोकं म्हटलं की तिघंही मनात त्याच्या हातात एक रायफल ठेवणार, आणि मग काढून घेणार.

"काही नाही," एमिल म्हणाला. "दिवसभर बसलो. काहीच आलं नाही."

फ्रान्सिसने टेबलावर हात आपटला. "वास्कोचा ओक! मी सांगत होतो. म्हातारा तिथे नुसता झोपायला जायचा. त्या झाडाखाली कधी कुणाला काही दिसलंय?" लिओ म्हणाला, मला एकदा तिथे साळिंदर दिसलं होतं, आणि त्यावरून पुन्हा वाद सुरू झाला. एमिलने चिली वाढून घेतली. क्लीट मात्र त्याच्याकडे बघत होता, जरा जास्तच वेळ.

जेवण आटोपल्यावर लिओने पत्ते पिसायला घेतले. उद्या रविवार, शिकारीला बंदी. परवासाठी पुन्हा वाटायचे का, त्याने विचारलं. एमचं पान अगदीच रद्दी निघालं, त्याला बदलून देऊ.

"नको," एमिल म्हणाला. "माझं आहे तेच राहू दे."